राष्ट्राचा ठेवा

पहिली वाटी उचलताना यहयानं श्वाससुद्धा जपून घेतला.

"बारा पीस आहेत. एकालाही टवका गेला तर मला तोंड दाखवू नकोस," मॅनेजर चारुदत्त म्हणाला. "नीट पार पडलं, तर तुझ्या फॅमिली व्हिसाच्या कागदावर उद्याच सही करतो. इन्शाल्ला."

यहया रत्नागिरीकडचा. दुबईतल्या प्रदर्शनांचं सामान उघडून मांडायचं, हे त्याचं काम. बायको मरियमबी आणि लेक अलिना सहा वर्षं गावीच होत्या. सत्त्याण्णवच्या त्या डिसेंबरात कुठे घास हातातोंडाशी आला होता.

प्रदर्शनासाठी जपानहून येणारे म्हातारबुवा साधेसुधे नव्हते. त्यांच्या सरकारनं त्यांना राष्ट्राचा ठेवा म्हणून मान दिला होता. कला त्यांच्याबरोबर संपू नये, म्हणून सरकार त्यांना जपत होतं.

वाट्या पांढऱ्या, बिननक्षीच्या, एकीसारखी दुसरी. यहयाला त्यांत काही विशेष दिसेना. पण गाढवाला गुळाची चव काय, असं स्वतःलाच बजावून त्यानं एकेक वाटी काळ्या मखमलीवर ठेवली.

त्या ज्या लाकडी पेट्यांतून आल्या होत्या, त्यांचं झाकण सोडलं की आपलंआपण सावकाश खाली बसे. गंमत म्हणून त्यानं दोनदा करून पाहिलं.

"माल परत जायचा नाही, म्युझियमला गिफ्ट आहे," चारुदत्त म्हणाला. "पॅकिंग सगळं क्लिअर कर. हॉलमध्ये कचरा नको. यल्ला, चल लवकर."

कंपनीची माणसं दुबईजवळच्या अजमानला राहत. संध्याकाळी खोलीमागे जाळ करून सुरमई भाजली. व्हिसाची पार्टी यहयाचीच होती.

"एक खिळा नाही रे," कोयता चालवत रफिक म्हणाला. "काय मस्त फुटतंय लाकूड."

सकाळी म्हातारबुवा आले. वाट्यांसमोरून सावकाश फिरले. कुठे टवका नव्हता, चरा नव्हता. यहयाच्या जिवात जीव आला. चारुदत्तनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

बुवा कमरेत वाकून काहीतरी बोलले. दुभाषी स्मिता पुण्याची होती. तिनं यहयाला मराठीतच सांगितलं.

"वाट्या छान मांडल्यात, म्हणतात. निघताना विमानतळावर घेतल्या त्यांनी. पेटी कुणाला रिकामी देऊ नये, अशी त्यांच्या आईची शिकवण." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "आणि विचारतायत, त्यांनी केलेल्या पेट्या कुठे मांडल्यात?"