नवव्या महिन्याची नवमी

"साडेचारशे वर्षं!" गाइड सागोंगमास्तरांनी उजवा हात आभाळाकडे नेला. "राजे आले, राजे गेले. डोंगर खचले, नद्या वळल्या. पण हे घर आपल्या जागेवरून तसूभर हललं नाही!"

वास्तविक हे घर दहा वर्षांपूर्वी ट्रकमध्ये बसून आलं होतं. खाली धरण झालं, अख्खी दरी पाण्यात गेली. त्यातली बरी बरी घरं सरकारनं उतरवली, खांबांवर आकडे घातले, वर डोंगरावर पुन्हा जोडली, तिकीट लावलं आणि त्या सगळ्याला 'ऐतिहासिक गाव' म्हटलं. मास्तरांना हे ठाऊक होतं. पण हललेलं घर बघायला कुणी डोंगर चढत नाही, हेही अनुभवानं ठाऊक होतं. त्यात आजची बस देगू शहरातून आलेली, सगळ्या म्हाताऱ्या बायकांची. घरच्यांनी पुण्य लागावं म्हणून सहलीला धाडलेल्या. अशा मंडळींना राजापेक्षा संडास कुठे आहे यात जास्त रस असतो.

"या ओट्यावर," मास्तर म्हणाले, "राजाचे प्रधान बसत असत."

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. बूट काढून, पायरीवर नीट जोडून ठेवून.

"आजी, उठा बरं. तिथं बसायची परवानगी नाही. प्रधानांची जागा आहे ती."

"प्रधान?" माक-सुन आजींनी ओट्याच्या फळ्यांवरून हात फिरवला. "बरं झालं बाई. माझे सासरे इथं बसून नुसते खोकायचे."

बायका खो खो हसल्या. मास्तर हसले नाहीत. घरांच्या पाट्या ते रोज पुसत, पण घरातलं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं. त्यांना काही सुचून ते बोलणार, तोवर आजींनी गाठोडं सोडलं. त्यातून वाडगाभर भात निघाला. सुका मासा निघाला, वाळवलेली गोड फळं निघाली, तांदळाच्या दारूची छोटी बाटली निघाली.

"अहो, खाणंपिणं तर मुळीच चालत नाही! मुंग्या होतात. शिवाय आमचे साहेब—"

"तुमच्या साहेबांनाही वाढू. गप बसा जरा," जोम-रे म्हणाली. ती दरीतलीच, आजींची जुनी शेजारीण. "आज तिथी कोणती आहे, मास्तर? नवव्या महिन्याची नवमी."

मास्तरांचा हात हळूच खाली आला. ज्यांच्या मरणाची तिथी कुणालाच ठाऊक नाही, त्यांचं श्राद्ध या दिवशी घालतात. त्या मुलखात हे कुणाला सांगावं लागत नाही.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"नवरा. लग्नाच्या वर्षीच युद्धावर गेला. चाळीस वर्षं झाली, ना प्रेत ना पत्र. सासू सांगून सांगून मेली, बाई गं, नवमीला त्याचं पान मांड. ही उलट भांडायची. म्हणे, जित्या माणसाचं श्राद्ध घालू का? धरण भरलं तेव्हा पाणी अंगणात येईतो उठली नाही. म्हणे, ते आले की घर कुठं शोधतील?"

"पोहता येत नाही त्यांना," आजी म्हणाल्या.

यावर मात्र कुणी हसलं नाही.

"मग आत्ताच का, आजी?" मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा आला.

"डॉक्टरनं पोट तपासलं. मग तो मला सोडून माझ्या पुतणीशीच बोलायला लागला." आजी मासा नीट लावत होत्या. "मूल नाही, बाळ नाही. मी गेले की त्यांना वाढणार कोण? एकदा तरी जेवू देत. आणि तेही इथंच. दुसरं घर त्यांना माहीत नाही."

तेवढ्यात दुसऱ्या बसची माणसं अंगणाच्या दारात आली. मास्तर हात पसरून त्यांच्या आडवे झाले.

"डागडुजी चालू आहे. पुढचं घर बघा. तिथंसुद्धा प्रधानच बसायचे."

ओट्यावर पान मांडून झालं. आजींच्या हातात फक्त चमचा उरला. जित्या माणसाचा चमचा वाडग्याशेजारी ठेवायचा. मेलेल्याचा भातात उभा रोवायचा. आजींनी तो वाडग्याशेजारी ठेवला.

"माक-सुन," जोम-रे हलक्या आवाजात म्हणाली. "उभा."

"माहीत आहे मला."

"मग?"

"भात गार झालाय. सकाळचा आहे."

बसमध्ये देगूपासून गात आलेल्या त्या बायका पायांतल्या बुटांकडे बघत राहिल्या. मग आजींनी चमचा उचलला. गार, घट्ट भातात तो शिरेना. त्यांनी दोन्ही हातांनी दाबला. उभा राहिला. मागे सरकून त्यांनी कपाळ फळ्यांना टेकलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

मास्तरांनी टोपी काढली. डोळे पुसले. डोळे पुसून झाल्यावर त्यांना राहवेना.

"आजी!" हात पुन्हा आभाळाकडे गेला. "प्रधान गेले खड्ड्यात! या दारावर मी तुमच्या यजमानांच्या नावाची पाटी लावीन! सोनेरी अक्षरांत! शंभर वर्षांनी येणारा माणूससुद्धा इथं थांबून मान झुकवील!"

"पाटी कशाला, मास्तर." जोम-रेच्या खांद्याचा आधार घेत आजी बुटात पाय घालत होत्या. "रात्री कुणी आलंच, तर तिकीट तेवढं मागू नका. निघाले तेव्हा त्यांच्या खिशात काही नव्हतं."