दोघांच्या मधला पट्टा

माती तपासणाऱ्या बाई वही घेऊन आमच्या बांधावर आल्या. जमिनीचं नवं धोरण या खेपेला म्हणे शेतकऱ्यांना विचारून ठरणार होतं. "आजोबा, तुमच्या लहानपणी इथली माती कशी होती?"

मी कशाला मागे हटतोय? "इतकी भुसभुशीत, की वडिलांनी सकाळी रोवलेली काठी संध्याकाळपर्यंत मुठीसकट आत जायची. गांडुळं तर अशी, की आई दोरी समजून गांडुळानंच वासरू बांधायची."

बाई हसल्या, पण लिहिलं काहीच नाही. "नमुना लागतो, आजोबा. नाहीतर समिती म्हणेल, इथली माती पहिल्यापासून अशीच दगड."

पलीकडच्या शेतात माझा धाकटा भाऊ ऐकत होता. आमच्या दोघांमधला चार हातांचा पट्टा कुणाचा, यावरून एकतीस वर्षं आमचा अबोला. तिथं त्यानं मला नांगर घालू दिला नाही, ना मी त्याला. तो फावडं घेऊन त्या पट्ट्यात उतरला आणि एक ढेकूळ काढून त्यानं बाईंच्या हातावर ठेवलं. काळंभोर, गांडुळांनी चाळणी केलेलं. त्याला वडिलांच्या सदऱ्याचा वास होता.

बाई भराभर लिहू लागल्या. "असा पट्टा प्रत्येक शेतात हवा. कसा हो जपलात?"

आम्ही दोघं अंगठ्यानं माती उकरत उभे राहिलो. मग भाऊ माझ्याकडे वळला.

"दादा, आता भांडण मिटवायचीही सोय राहिली नाही."