खोटी बोंब

कोपर गावच्या शेवंतीचे सांधे धरलेले, गालांवर लाल चट्टे उठलेले. नवरा गुणाजी तिला कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन आलेला. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, “यात गुप्तरोग दिसतोय...”

पुढचं ऐकायला गुणाजी थांबलाच नाही. त्याने तिथल्या तिथे बायकोचे पाय धरले. “एकदाच गेलेलो गं, खडवलीच्या त्या बाईकडे! एकवीरा आईची शप्पथ, परत नाय जाणार!”

“अहो, मला बोलू तरी द्या,” डॉक्टर म्हणाले. “तो रिपोर्ट खोटा आहे. यांना ल्युपस झालाय. या आजारात शरीरातली निरोप देणारी प्रथिनं शत्रू नसतानाच ‘शत्रू आला’ म्हणून बोंब मारतात. मग शरीराचे शिपाई आपल्याच माणसांवर तुटून पडतात. त्या गोंधळात अशा तपासण्याही फसतात.”

गुणाजी पाय सोडून हळूच उठला. “म्हणजे शत्रू कोण नव्हताच?”

“रक्तात नव्हता,” पदर खोचत शेवंती म्हणाली. “डॉक्टर, गोळ्या उद्यापासून घेतल्या तर चालतील ना? आज मलाच आपल्या माणसावर तुटून पडायचंय.”