कोरडा रस्ता

जुनी जीप जॅकवर चढवून मिस्त्रीने पुढचे टायर दाखवले. पार गुळगुळीत. “ताई, कुणीतरी कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून, चारही चाकांना जोर देत चालवतंय. अशाने गिअरबॉक्सही जाईल.” मी हसले. “बाबांशिवाय हिला कुणाचा हात लागत नाही. फोर-व्हील फक्त चिखलात लावायची, हे तुझा कान पिळून त्यांनीच शिकवलंय ना?” मिस्त्री फडक्याने पाना पुसत राहिला. निघताना गॅरेजच्या बाकावर थांबलेले बाबा येऊन स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. फाटकाशीच बाबांनी फोर-व्हीलचा दांडा ओढला. “बाबा, आता कशाला?” “चिखल बघ केवढा! मागे तुझी आई कळवळतेय, दवाखाना गाठायचाय.” चिखलात जीप रुतली आणि आई वाटेतच गेली, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. “पोचलो, बाबा.”