दाराची फळी

डिझाईनच्या वर्गात प्रत्येकानं एक घड्याळ करायचं होतं. पौर्णिमानं आपल्या घड्याळाची तबकडी जुन्या दाराच्या फळीतून कापली. माकणीच्या धरणात गाव गेलं, तेव्हा आजोबांनी बैलगाडीत घालून आणलेलं ते घरचं दार.

फळी देताना आजोबा म्हणाले होते, "हे दार वाजलं तर आधी 'कोण हाय?' म्हणून इचारायचं. नाव कळल्याबिगर 'या' म्हणायचं न्हाय. आमी कधीच म्हणलं न्हाय."

पौर्णिमाला तेव्हा हसू आलं होतं.

आज भर दुपारी तिनं काटे बसवले. सेल अजून घालायचा होता. तरी घड्याळ वाजलं. टिकटिक नव्हे, बोटांच्या पेरांनी कुणी दार वाजवावं तसं. आधी हळूच, मग जरा जोरात.

तिनं फळीवर तळवा ठेवला. लाकूड गार आणि ओलं लागलं.

"कोण हाय?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

उत्तर आलं नाही. पुन्हा तेच वाजणं.

मोनिका मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. वर्गाबाहेर कुणी आलंय असं वाटून, मागं न बघताच त्या म्हणाल्या, "या ना, आत या."

वाजणं थांबलं. मग एका जड दाराची करकर ऐकू आली, सावकाश, पार उघडेपर्यंत. वर्गाचं दार तर सकाळपासून उघडंच होतं.

मॅडम वळल्या. पौर्णिमाच्या पाठीमागं बघत राहिल्या. हातातला खडू खाली पडला.

"पौर्णिमा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे सगळेच एवढे ओले कसे गं?"