कळवणं आणि बोलावणं

सन २०५८. लेखनयंत्र आधी हेतू विचारी आणि मजकुराचा प्रकार त्यावरून स्वतःच ठरवी. मिरजेच्या केतकीताईंना रुसलेल्या धाकट्या बहिणीला, ऋजुताला, नातीच्या बारशाला बोलवायचं होतं.

“हेतू?” यंत्रानं विचारलं.

“कळवणं,” ताई फणकारल्या.

“अगं आई, ‘बोलावणं’ म्हण की!” बाळंतपणाला पुण्याहून आलेली लेक सानिका म्हणाली. “मावशी वाट बघत असेल.”

“मी थोरली. मी का विनवू?”

यंत्रानं निवेदन लिहिलं: तारीख, वेळ, स्थळ. त्यात ‘ये’ कुठेच नव्हतं. ऋजुताच्या यंत्राकडून पोच आली: “निवेदन मिळाले.”

ती आली नाही. दोन वर्षांनी ती वारली, तेव्हा तिच्या कपाटात बाळासाठी शिवलेली कुंची सापडली. मावशीचं दिवसकार्य आटोपून सानिका पुण्याला परतली. नात शाळेत जाऊ लागली. केतकीताईंनी त्या कुंचीची घडी अजून मोडलेली नाही.