चकाचक बाटल्या

हे डायरीत लिहावं की नको, यात ओजसने दोन दिवस घालवले. शेवटी लिहिलंच.

झालं असं. अंटार्क्टिकाजवळ, जहाजावरच्या लॅबमध्ये, ओजसचा मित्र विल्सन दोन हजार मीटर खोलीचं पाणी तपासत होता आणि फॉस्फेटचा आकडा नेहमीच्या तिप्पट आला. पीएचडीचं चौथं वर्ष, हाती अजून काही नाही. गडी खुर्चीतून उडालाच. "ओज्या, खाली नवीनच काहीतरी आहे रे! चारच्या मीटिंगला मोहिमेच्या मॅडमना सांगतो. वसईला आईला तर कळवून पण टाकलं!"

नमुन्याच्या बाटल्यांची जबाबदारी ओजसकडे होती. त्या फक्त समुद्राच्याच पाण्याने तीनदा विसळायच्या असतात. पण काठ जरा हिरवट दिसले आणि घरचं वळण आडवं आलं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा साबण आणून त्याने सगळ्या चकाचक घासल्या होत्या.

पावणेचारला त्याचं तोंड उघडलं. "विल्या, ते फॉस्फेट साबणाचं आहे."

विल्सनने हातातली बाटली खाली ठेवली. "म्हणजे सकाळपासून मी तुझ्या फेसावर संशोधन करतोय?"

"हो."

"वास तरी लिंबाचा होता का?"

दोघं हसले. मग विल्सनचा चेहरा उतरला. "आईने आता अख्ख्या आळीला सांगितलं असेल रे."

"पाणी पुन्हा काढू द्या म्हणून मॅडमच्या पाया मी पडतो," ओजस म्हणाला. "आणि काकूंना फोनही मीच करतो. सांगतो, तुमचा मुलगा हुशार आहे, गाढव मी आहे. शब्द देतो."